तक्रार निवारण अधिकारी, मुक्काम डायनिंग टेबल

हॅलो?… हो ताई, बंद झाला. धंदा बंद. संपला विषय.

कोण म्हणालं? मी? छे. कुठला धंदा? काही झालेलं नाही. इथे नाशिकरोडला सगळं उत्तम आहे. ऊन पडलंय, गच्चीवर कुरडया वाळतायत, मी मजेत आहे. तू बोल, मालेगाव काय म्हणतंय?… काय?… मोठ्याने बोल गं, तुमच्या शेजारचे माग चालू आहेत, मला नुसती खटखट ऐकू येतेय. रविवारी पण?… हां, तुमच्याकडे शुक्रवारी सुट्टी, विसरले.

नाही, आवाज नाही बसलेला. माझा आवाज असाच आहे, जन्मापासून. तू माझी सख्खी बहीण आहेस, तुला माहीत असायला हवं.

बरं, ऐक. मी तुलाच फोन करणार होते. तुझ्याकडे एक काम आहे. छोटंसं. तुला एक पद द्यायचंय.

पद गं, पद! हुद्दा. तक्रार निवारण अधिकारी. आपल्या 'शकुबाईच्या हातचं' या कंपनीचा. नुसतं नाव आणि मोबाइल नंबर द्यायचा, एक सही करून फोटो पाठवायचा. आज संध्याकाळच्या आत. बास.

त्या पदावर आई आहे, हो. आई होती. आई आहेच अजून, तोच तर घोटाळा आहे.

सांगते ना! मुळापासून सांगते, मध्ये बोलू नकोस. ऑनलाइन विकायचं म्हटलं की नियम असतात. मालकाचा पत्ता टाका, परवान्याचा नंबर टाका, माल परत कसा घेणार ते टाका. सगळं टाकलं. मग सी.ए. म्हणाला, तक्रार निवारण अधिकारी कोण? म्हटलं, अहो कंपनीत मी एकटी आहे. तक्रार माझ्याविरुद्ध, निवारण मीच करू? तर म्हणाला, कोणाचंही नाव टाका, घरातलं. नावापुरतं.

हो, मग टाकलं आईचं. आणि कोणाचं टाकणार होते, खालच्या वॉचमनचं?… विचारलं ना! ती सिरियल बघत होती. म्हटलं, आई, इथे सही कर, नावापुरतं आहे. आता तूच सांग, जिने अख्खी नोकरी तहसील कचेरीत आवक-जावकला काढली, तिला नावापुरतं म्हणजे काय ते कळणार आहे का? ती लग्नाची पत्रिका आली तरी मागच्या बाजूला तारीख टाकते.

पहिले दोन महिने कोणीच फोन केला नाही. ती रोज विचारायची, आज तक्रार आली का? नाही म्हटलं की तिचं तोंड एवढंसं व्हायचं. मी म्हणायचे, आई, तक्रार नाही ही चांगली गोष्ट आहे. ती म्हणायची, लोकांना आपला नंबर दिसत नसेल, अक्षरं मोठी कर.

केली ना मी मोठी! माझ्याच हाताने केली. हसू नकोस.

तर गुरुवारी फोन आला. पुण्याच्या कोणी बाई. आणि तक्रार नाही हं, कौतुक! "आजी, तुमची कुरडई काय फुलते हो! आणि तुमचा तो फोटो बघून मला माझी आजी आठवली." आई म्हणाली, कुठला फोटो?

…

हो. दाखवला नव्हता.

अगं कसा दाखवणार? तू बघितलायस ना तो?… हो, तोच. मोबाइलवर केला. आईचा तो निवृत्तीच्या निरोप समारंभातला फोटो होता ना, पुष्पगुच्छ हातात, चष्मा, केस कापलेले, तो टाकला ॲपमध्ये आणि लिहिलं, पारंपरिक करा. मी एवढंच लिहिलं. बाकी सगळं त्याने केलं. नऊवारी त्याने नेसवली. डोक्यावर पदर त्याने घेतला. कुंकू, एवढं रुपयाएवढं. नथ. मागे तुळशीवृंदावन. पुढे चूल.

माहितीय मला, आपल्या घरात कुंकवाची डबी पण नाही. हॉलमध्ये बुद्धमूर्ती आहे आणि त्याखाली वायफायचं यंत्र आहे, तुळस आपण खोकल्यापुरती आणतो. सगळं माहितीय. पण ताई, लोक कुरडई विकत घेत नाहीत गं, फोटो घेतात. निरोप समारंभातला फोटो लावला तेव्हा एक पाकीट गेलं. ते पण तूच घेतलं होतंस.

मग काय! ती पुण्याची बाई म्हणाली, आजी, व्हिडिओ कॉल करू का, मला तुम्हाला बघायचंय. आईने केला. ही आपली चष्मा लावून, गाऊनमध्ये, कानावर पेन अडकवलेलं. त्या बाई म्हणाल्या, ताई, आजींना द्या ना जरा फोन. आई म्हणाली, मीच शकुबाई. त्या म्हणाल्या, नाही हो, आजींना द्या, त्या फोटोतल्या. आई म्हणाली, अहो मीच. तर त्या म्हणतात, बरं असू दे, आजी झोपल्या असतील, उठल्या की सांगा.

…

हो. मला पण आधी हसू आलं. मग नाही आलं.

आईने काही नाही केलं. आरडाओरडा नाही, काही नाही. शांतपणे लॅपटॉप मागितला, आपली साइट उघडली, फोटो बघितला. मोठा करून बघितला. नथीपाशी बराच वेळ थांबली. मग तिने कपाट उघडलं आणि तो जुना गोल शिक्का काढला. तिथेच मी ओळखलं, मेलो आपण.

तक्रार केली तिने! माझ्याविरुद्ध! विषय काय, तर 'ग्राहकाची दिशाभूल व माझ्या चेहऱ्यात परवानगीविना केलेले फेरफार.' तक्रारदार कोण, शकुबाई. कोणाकडे, तक्रार निवारण अधिकारी शकुबाई यांच्याकडे. तिनेच लिहिली, तिनेच घेतली, तिनेच आवक क्रमांक टाकला आणि स्वतःलाच पोच दिली. म्हणे नियमात आहे, दोन दिवसांत पोच दिली पाहिजे. लोक म्हणतात कुंपणाने शेत खाल्लं. इथे कुंपणाने आधी पोच दिली, मग खाल्लं.

तू हसतेयस की माग आहेत ते?

आज सकाळी सुनावणी झाली. मस्करी नाही करत. डायनिंग टेबलवर. आई आधी खिडकीजवळच्या खुर्चीत बसली, तक्रार वाचून दाखवली. मग उठली, फ्रिजजवळच्या खुर्चीत जाऊन बसली, चष्मा बदलला आणि म्हणाली, तक्रारदारांचं म्हणणं ऐकून घेतलं. मग परत इकडे आली. म्हणाली, धन्यवाद. मी म्हटलं, आई, तुझे गुडघे दुखतात, एकाच खुर्चीत बस. तर म्हणाली, मग न्याय दिसत नाही.

मी माझी बाजू मांडली ना. नीट मांडली. म्हटलं, हे सगळेच करतात. प्रत्येक पाकिटावर कोणाची ना कोणाची आजी असते. एवढ्या आज्या नाशिक जिल्ह्यात आहेत तरी का? सगळ्या चुलीवर बसल्या तर गॅस एजन्स्या बंद पडतील. ती म्हणाली, मुद्द्याचं बोला. मला म्हणाली, बोला! अहो-जाहो! पोटच्या मुलीला! 

मग साक्षीदार बोलावला. पप्पांना.

अगं तिथे तर मी निश्चिंत होते. पप्पा कायम माझ्या बाजूने. लहानपणी मी तुझी सायकल पाडली तेव्हा त्यांनी रस्त्याला दोष दिला होता. म्हटलं, पप्पा सांभाळून घेतील. आईने विचारलं, साक्षीदार झुंबर, निवृत्त एसटी ड्रायव्हर, गव्हाचा चीक कोण हाटतं? पप्पा म्हणाले, मी. कुरडया कोण घालतं? मी. शकुबाईंना कुरडई घालता येते का? आणि पप्पा, ताई, पप्पा म्हणाले, "नाय. तिला तळता पण येत नाय, जाळते."

हो ना! खरं बोलायची काय गरज होती? माणूस आयुष्यभर महामार्गावर गाडी चालवतो, त्याला कुठे हॉर्न द्यायचा आणि कुठे नाही, एवढं कळू नये?

नाही, त्यांचं नाव का नाही लावलं म्हणजे? 'झुंबरच्या हातची कुरडई'? लोक म्हणतील दिव्यांचं दुकान आहे. आणि फोटो काय लावू? बनियन, मिशा, आणि ते पातेल्यात असा चीक हाटतात, जसा काही चांदवडचा घाट चढतोय. पुरुषाच्या हातचं कोणी घेत नाही गं. हॉटेलात सगळे पुरुषाच्याच हातचं खातात, पण पाकिटावर त्यांना आई लागते.

हां. मग आई बोलली. खुर्ची न बदलता बोलली. चष्मा पण काढून ठेवला होता.

म्हणाली… थांब, पाणी पिते.

म्हणाली, "माझी आई सायखेड्यात चुलीपुढे खोकत गेली. मला शाळेत घातलं ते चुलीपासून लांब जावं म्हणून. मी गेले लांब. तू एका दुपारी मोबाइलवर मला परत नेऊन बसवलंस."

मी म्हटलं, आई, नुसतं चित्र आहे ते. तर म्हणाली, "आई विकायचीच होती, तर स्वतःची विकायची. ही कोणाची विकलीस?"

…

हो, आहे मी. ऐकतेय. रडत नाहीये, कांदा कापतेय… उन्हाळी कांदा. मामांनी पाठवलाय, गोणीभर. खरंच कापतेय, थांब, सुरीचा आवाज ऐकवते… ऐकला? हां.

आणि आदेश काय, तर फोटो ताबडतोब काढावा, तो छापलेली पाकिटं विकू नयेत आणि तोपर्यंत विक्री बंद. म्हणजे ते मघाशी म्हटलं ना, जे झालेलं नाही, ते.

हो ना, अगं, पाकिटं छापून आलीत! अंबडच्या प्रिंटरने बुधवारीच टाकलीत. माझी गादी आता पाकिटांवर आहे. मी रात्री नथवाल्या आईच्या ढिगावर झोपते आणि खरी आई शेजारच्या खोलीत माझ्याविरुद्ध टाचण तयार करते.

म्हणून तर तू हवीयस! ऐक ना, एका मोठ्या विक्रीच्या साइटवर उद्यापासून वाळवणाचा मेळा आहे. त्यात घेतलंय आपल्याला. घेतलंय! वर्षभर हात जोडत होते मी. पप्पांनी त्यासाठी एवढा गहू भिजवलाय की बाथरूममध्ये आंघोळीला जागा नाही. फक्त आज संध्याकाळपर्यंत एक कागद पाठवायचा, की आमच्याकडे एकही तक्रार प्रलंबित नाही. त्यावर अधिकाऱ्याची सही लागते. आई देत नाही. म्हटलं, मग तुला पदावरून काढते. तर म्हणते, चौकशी चालू असताना अधिकाऱ्याची बदली करता येत नाही, तसं केलं तर मी वरपर्यंत जाईन. म्हटलं, वर कोण आहे? म्हणाली, गच्चीवर पप्पा.

म्हणून तू, ताई. तू दूर आहेस, तुझा ना कुरडईशी संबंध, ना फोटोशी. तू तटस्थ आहेस. तू फक्त लिही, मी अंजली, मालेगाव, आजपासून…

काय, ऐकू नाही आलं… हो, ते पण आहेच, पप्पा तरी किती भोळे… हो ना… हो, अगदी कोर्टात उभं राहावं तसे, हातात सोऱ्या घेऊन…

थांब.

थांब, थांब, थांब. परत बोल. पप्पा हातात सोऱ्या घेऊन उभे राहिले, हे तुला कोणी सांगितलं?

मी नाही सांगितलं. मी म्हटलं पप्पा बोलले. उभे राहिले असं मी म्हटलंच नाही. आणि सोऱ्या? सोऱ्याचं नाव तुझ्याआधी मी तोंडातून काढलेलं नाही.

अंदाज? सोऱ्याचा अंदाज? माणूस साक्ष द्यायला कुरडई पाडायचं यंत्र घेऊन उभा राहतो, हा मालेगावात बसून करायचा अंदाज आहे?

…

माग बंद पडले का गं तुमचे? लाइट गेली वाटतं. बघ, आता तुझा श्वास पण ऐकू येतोय.

ताई.

तो मोबाइल. सकाळी लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलेला. मला वाटलं आई रेसिपी बघतेय. आई आणि रेसिपी! तिथेच मला कळायला हवं होतं. तू होतीस त्यात, व्हिडिओ कॉलवर. पूर्ण सुनावणी बघितलीस. स्वतःचा आवाज बंद करून.

हो की नाही, एवढंच सांग.

…

आणि तक्रार? ती भाषा? 'माझ्या चेहऱ्यात परवानगीविना केलेले फेरफार'? आई परवानगीविना नाही म्हणत. आई म्हणते 'न विचारता.' तू लिहून दिलंस ते.

सुधारून? सुधारूनच का होईना, दिलंस ना! वा! म्हणजे तक्रारदार आई, न्यायाधीश आई, साक्षीदार बाप आणि वकील बहीण. आणि आरोपी मी. एका कुटुंबाचं अख्खं कोर्ट भरलं, माझ्या बाजूला फक्त फ्रिज उरला. तो पण अधिकाऱ्याच्या खुर्चीच्या बाजूचा.

नाही, तू ऐक! मला फोन करायचास ना. एकदा. म्हणायचं, सायली, आईला लागलंय, काढ तो फोटो. मी काढला असता.

…काढला असता गं. उशिरा काढला असता, पण काढला असता.

रडली? कधी?… गुरुवारी? रात्री? फोनवर, तुझ्याजवळ?… मला का नाही… मी शेजारच्याच खोलीत होते ना. भिंतीला टेकून पाकिटं मोजत होते.

…

बरं.

नाही, बोलतेय. थांब जरा, लॅपटॉप उघडतेय… हां. काढला. काढला म्हटलं ना! आता साइटवर नुसती रिकामी चौकट आहे, खाली लिहिलंय 'शकुबाईच्या हातचं.' कोणी मागवलंच तर त्याला चौकट पाठवीन, तळून.

तुझ्यासाठी नाही काढला. तुझ्याशी मी बोलतच नाहीये. हा फोन तांत्रिक कारणाने चालू आहे.

थांब, दार वाजलं… काय? हो, उघडंच आहे.

आई आलीय.

आई, तू आई म्हणून आलीस की अधिकारी म्हणून?… जावक म्हणून आलीय म्हणते. आदेशाची प्रत द्यायला. इथे सही?… आई, तीन ठिकाणी कशाला?… बरं, केली. आता ऐक. फोटो काढलाय मी. बघ. ही चौकट. म्हणजे तक्रार मिटली ना? मग त्या कागदावर सही कर, अजून उजेड आहे, संध्याकाळ व्हायचीय.

ताई, ऐकतेयस? ऐक, तू तयार केलेलं कोर्ट काय म्हणतंय ते ऐक. म्हणते, तक्रार मिटली, आनंद आहे. नवीन पाकिटावर तिचा निरोप समारंभातला फोटो येईल, पुष्पगुच्छासह, आणि खाली पप्पांचं नाव. ठीक आहे, मान्य. आणि सही?… सही उद्या. आज रविवार, कार्यालय बंद.

आई, सकाळी सुनावणी घेतलीस ती? तेव्हा रविवार नव्हता?… ती खास बाब होती. बरं. आणि ही?… ही नेहमीची बाब आहे.

आई, मेळा उद्या आहे. उद्या सकाळी सही करून मी काय करू, लोणचं घालू?… गेली. ताई, ती गेली. जाताना डोक्यावरून हात फिरवून गेली. शिक्क्याच्या शाईने. केसात शाई आहे माझ्या.

नाही, तू काही करू शकत नाहीस. तुला आता अधिकारी नेमता येत नाही, तू तक्रारदाराची वकील आहेस. आणि पप्पा साक्षीदार आहेत. नियमच आहेत गं, छोट्या व्यावसायिकांनी पाळायलाच हवेत.

एक मात्र कर. तुला अर्ज लिहिता येतात ना छान? मग माझाही घे. सांगते तसा लिही. हॅलो? माग परत सुरू झाले का? ताई?… हॅलो?… लाइट आली वाटतं… हॅलो? 

बरं, कोणी नसलं तरी चालेल, आवकला असू दे. प्रति, मेहरबान तक्रार निवारण अधिकारी, मुक्काम डायनिंग टेबल. विषय, मनुष्यबळ मिळणेबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून अर्जदार विनंती करते की, या घरात माझ्या बाजूचं एक माणूस नेमण्यात यावं. कायमस्वरूपी शक्य नसल्यास रविवारपुरतं. अनुभवाची अट नाही. फक्त घरातलंच असावं.